मापाची सलवार

कोकिळा सिस्टरला कशाचीच किळस येत नाही, असं पारोळ्याच्या दवाखान्यात सगळे म्हणतात. जखमेतल्या अळ्या ती अशा वेचते की बघणाऱ्याला वाटावं, बाई तांदूळ निवडतेय. गटारातून उचलून आणलेला दारुडा असो की पाय कुजवून मग शुद्धीवर आलेला साखरेचा पेशंट, तिच्या कपाळावर आठी पडत नाही. पण जळगावला सायकलच्या एका दुकानात, चकचकीत फरशीवर उभं असताना, भिंतीवरचा एक फोटो पाहून तिला अशी शिसारी आली की काउंटरला धरून उभं राहावं लागलं.

फोटो तिच्या नवऱ्याचा होता.

हे काय प्रकरण आहे ते नीट सांगायचं तर कोकिळापासून सुरुवात करावी लागते. तिचं माहेर शिंदखेड्याकडचं, तापीच्या काठचं. म्हशी पाण्यात घालायचं काम लहानपणापासून तिच्याकडे, त्यामुळे पोहणं तिला कोणी शिकवलं नाही. म्हैस बुडत नाही तर आपण कशाला बुडू, एवढंच तिचं शास्त्र. धावायला ती नोकरीत असताना लागली, दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंच्या नादाने. चाळिशी जवळ आली की आपल्याकडच्या बाया गुडघे धरून बसतात आणि सुनांच्या कागाळ्या करतात. हिने त्या वयात पहाटे हायवेला पळायला सुरुवात केली. मग कोणीतरी सांगितलं की आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, आणि तिन्हीच्या मधे चहालाही थांबायचं नाही, अशी एक शर्यत असते. तिला ते पटलं. घरात, दवाखान्यात, शेतात ती दुसरं काय करत होती?

पहिली शर्यत तिने उसन्या सायकलीवर केली. छोटी होती, पण तिच्या वयाच्या बायांत तिचा नंबर आला. मग काय विचारता! समाजाने सत्कार ठेवला. शाल, नारळ, फेटे. सासरे निंबाआबा पहिल्या रांगेत फेटा बांधून बसले, नवरा योगेंद्र माईक सोडेना. समाजाच्या स्मरणिकेत तिचा पानभर फोटो आला, 'खान्देशची रणरागिणी' म्हणून. फोटो अर्थात शालू नेसलेला. ज्या कपड्यांत ती पोहली आणि पळाली, त्या कपड्यांतला फोटो योगेंद्रने संपादकांना दिलाच नाही. बक्षीस मिरवायचं, पण ज्या पायांनी ते आणलं ते पाय दिसले नाही पाहिजेत, असा सगळा सोवळ्यातला कारभार.

आता तिने मोठ्या शर्यतीत नाव घातलं होतं. थंडीत, नाशिककडच्या एका धरणावर. पोहण्याची तिला भीती नव्हती, पळण्याचीही नव्हती. भीती मधल्या सायकलीची होती, कारण धुळ्याला जाऊन परत यावं आणि वर आणखी थोडं, एवढं अंतर ठरलेल्या वेळात कापायचं होतं. साध्या सायकलीवर ते होईना. तेव्हा तिने स्वतःच्या पगारातून या शर्यतीची खास सायकल घ्यायचं ठरवलं आणि जळगावच्या हितेंद्रला फोन केला. हितेंद्र स्वतः शर्यती करणारा, आणि अशा सायकली विकणारा आसपास तेवढा एकच.

"ताई, ही सायकल साडीसारखी नसते," हितेंद्र फोनवर म्हणाला. "साडी कुणालाही होते. ही ब्लाऊजसारखी. ज्याची त्यालाच."

मग त्याने समजावून सांगितलं. साध्या सायकलीवर माणूस बसतो, हिच्यावर जवळजवळ पालथा पडतो. हँडलच्या पुढे दोन दांडे असतात, त्यांच्या अलीकडे कोपरं टेकवायला छोट्या गाद्या. तासन् तास त्या गाद्यांवर कोपरं टेकवून राहायचं. सायकल थोडी जरी लांब झाली तरी खांदे ओढले जातात, मान धरते, आणि माणूस सीटच्या टोकावर घसरतो. मग बसायच्या जागी, हितेंद्र जरा अडखळला, फार त्रास होतो.

"आणि नुसत्या उंचीवर जाऊ नका," तो म्हणाला. "एकाच उंचीची दोन माणसं असली तरी एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याचं धड लांब असतं. पायाचं आतल्या बाजूचं माप लागतं, धडाचं लागतं, हाताचं लागतं. तुम्ही स्वतः या. अर्ध्या तासाचं काम आहे."

कोकिळाने हे सगळं जेवताना घरात सांगितलं. तिथेच माशी शिंकली.

निंबाआबा ओसरीवर खाटेला टेकून बसले होते. त्यांना लघवीचा त्रास, आणि हृदय कमजोर म्हणून ऑपरेशन करता येत नाही. त्यामुळे लघवीसाठी कायमची नळी, आणि बाजूला लोंबणारी पिशवी. पण कान शाबूत.

"कसानं माप?" त्यांनी विचारलं.

"पायनं, आबा. आतली बाजूनं. मांडीपासून खाले."

आबांचा घास हातात राहिला. "परका मानूस मनी सूनना मांडीले टेप लावी? हाई ह्या घरमा चालाव नही."

योगेंद्र ताटात बघत राहिला. सासू प्रमिलाबाई मात्र शहाणी बाई, तिच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. ती म्हणाली, "त्यामा काय इतलं? मापना ड्रेस दी दे ना वं. शिंपीन बेबाबाईले आपन कोठे माप देतस? जुना बिलोज धाडतस, नि ती बराबर शिवी देस. तो मानूसबी ब्लाऊज म्हनना ना?"

तर असं आहे. आमच्याकडे बाईचं माप बाईपासून घेत नाहीत, ते तिच्या जुन्या कपड्यावरून घेतात. लग्नात शिवलेला एक ब्लाऊज असतो, तो मापाचा. बाई जाड होते, वाळते, बाळंत होते, आजारी पडते, आणि मापाचा ब्लाऊज मात्र पिशवीत घालून शिंपिणीकडे जात राहतो. मग काखेत काचतं, पाठीत ओढतं. बाई म्हणते, चालतं हो, दोन टाके उसवले की होईल. सगळा जन्म असा दोन टाके उसवून जातो.

"मी पाहतो," योगेंद्र म्हणाला. "माझ्या ओळखीचं आहे जळगावला." योगेंद्रचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं असो, दवाखान्यातली खाट असो की कुणाची बदली, त्याच्या ओळखीचं सगळीकडे असतं, आणि तो सगळं पाहतो. पाहून पुढे काय होतं ते विचारायचं नसतं.

कोकिळाने सलवार दिली. चिडून दिली, पण दिली. दवाखान्यात डेंग्यूची साथ होती, एक सिस्टर रजेवर, भांडायलाही अंगात जोर लागतो. शिवाय तिने मनाशी म्हटलं, हितेंद्र शहाणा आहे, सलवार बघून हसेल आणि योगेंद्रला सांगेल की बाईलाच घेऊन या. मग आबा काय करतील?

तसं काही झालं नाही. दोन दिवसांनी खतांच्या गाडीतून सायकल आली. काळी, चपळ, रेसच्या घोड्यासारखी. प्रमिलाबाईने दांड्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, गल्लीत पेढे वाटले. पहिल्यांदा बसला योगेंद्र. "बघू तर खरं," म्हणत त्याने पँट दुमडली, भिंतीला धरून वर चढला आणि दोन्ही कोपरं गाद्यांवर टेकवली. कोपरं अशी अलगद टेकली की गल्लीतली माणसं म्हणाली, "वा भाऊ, शोभस तुले!"

"माप कसं घेतलं?" कोकिळाने विचारलं.

"कम्प्युटरवर. उंचीवरून. एकदम परफेक्ट."

ती बसली तेव्हा कोपरं टेकवायला तिला हात लांब करून पुढे ओणवावं लागलं, उंच फडताळातला डबा काढावा तसं. तिला वाटलं, सवय नाही म्हणून. नवी चप्पलही आधी चावतेच.

चप्पल चावते आणि मग सैल होते. सायकल सैल झाली नाही. पहाटे ती धुळ्याच्या दिशेने निघायची, आणि वाटेतलं मुकटी गाव यायच्या आत मान लाकडासारखी व्हायची. बोटं बधिर. सीट तिने वर घेतली, कारण तिचे पाय लांब, तर गाद्या आणखी लांब गेल्या. सीट पुढे सरकवली, पुढे सरकवत सरकवत टोकाला आणून ठेवली, तरी पुरेना. आणि बसायच्या जागेचं तर बोलूच नये, पण बोललं पाहिजे, कारण न बोलण्याचाच हा सगळा पराक्रम. सोललं होतं. फोड यायचे, फुटायचे, पुन्हा यायचे. खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या पाठीवरच्या जखमा आयुष्यभर धुतलेली बाई न्हाणीघरात कडी लावून, आरसा जमिनीवर ठेवून स्वतःची जखम धुवायची. वॉर्डात तिला बसवायचं नाही. उभ्यानेच रिपोर्ट लिहायची.

"सवय होईल," योगेंद्र म्हणायचा.

आणि दुकानात खत घ्यायला आलेल्या लोकांना सांगायचा, "सायकल एक नंबर आणली हो. पण चालवणाऱ्यात दम पाहिजे ना!" शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ते हे असं.

कोकिळाला ते ऐकू यायचं. तिला स्वतःवरच संशय यायला लागला होता, हे सगळ्यात वाईट. वय झालं असेल. दम नसेल. मोठी शर्यत आपलं काम नसेल. एका पहाटे पारोळ्याच्या पुलाजवळ ती सायकलवरून उतरली, कठड्याला टेकून उभी राहिली आणि शर्यतीतून नाव काढून घ्यायचं मनाशी ठरवलंसुद्धा.

त्याच आठवड्यात तिला ट्रेनिंगसाठी जळगावला पाठवलं. ट्रेनिंग आटोपल्यावर ती हितेंद्रच्या दुकानात गेली. फार काही अपेक्षा नव्हती. मऊ सीट मिळते का, एवढंच विचारायचं होतं. आत शिरली, पारोळ्याहून फोन केलेली सिस्टर एवढी ओळख सांगितली, आणि समोरच्या भिंतीवर, जिथे नव्या गिऱ्हाइकांचे फोटो लावले होते, तिथे योगेंद्र. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, सायकल स्टँडवर चढवलेली, कोपरं गाद्यांवर टेकवून कॅमेऱ्याकडे बघून हसणारा. सायकल तीच, काळी.

"हे कोण?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"हे तुमच्याच पारोळ्याचे. योगेंद्रभाऊ," हितेंद्र कौतुकाने म्हणाला. "मोठ्या शर्यतीची तयारी करतायत. अर्धा तास बसवून माप घेतलं त्यांचं. ओळखता का?"

"सायकल त्यांनी स्वतःसाठी घेतली?"

"हो. म्हणजे आधी गंमतच झाली." हितेंद्र हसला. "पिशवीतून एक सलवार काढली आणि म्हणाले, मिसेससाठी सायकल पाहिजे, हे माप. मी म्हटलं, अहो भाऊ, सलवारीवरून सायकल कशी देऊ? त्यांना घेऊन या. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती हसायला लागली. तर भाऊ म्हणाले, मजा केली हो, मलाच पाहिजे सायकल. सलवार पिशवीत टाकली आणि चढले स्टँडवर."

कोकिळाने काउंटर धरला. चक्कर नव्हती ती. शिसारी होती, जी तिला अळ्यांची आली नाही, पुवाची आली नाही. या माणसाला तिचे पाय मोजून घ्यायची लाज वाटली, आणि तिची सायकल आपली म्हणून सांगायची लाज वाटली नाही. घरी येऊन पेढे खाल्ले. जखमा होताना बघितलं आणि म्हणाला, सवय होईल.

"ती सलवार माझी," ती म्हणाली.

हितेंद्रचं हसू जिथल्या तिथे थांबलं. मग त्याने कपाटातून जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"ताई, चप्पल काढा. भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहा. हे पुस्तक उभं धरून पायांमधे घ्या आणि सीटवर बसल्यासारखं वर दाबा. तुम्हीच धरायचं."

तिने ते केलं. सलवार-कमीज घातलेलं, ओढणी खांद्यावर. हितेंद्रने पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची रेघ मारली, तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि टेप लावून भिंत मोजली. भिंत! तिच्या अंगाला हातच काय, टेपचं टोकसुद्धा लागलं नाही.

"झालं?" तिने विचारलं.

"आतलं माप झालं. आता धड आणि हात."

यासाठी. यासाठी घरात जेवणं थांबली होती, खानदानाची अब्रू ओसरीवर येऊन बसली होती.

हितेंद्रने हिशोब केला आणि मान हलवली. उंची दोघांची सारखी, पण योगेंद्र बसला की उंच दिसणारा, लांब धडाचा. ही लांब पायांची, आखूड धडाची. तिला याहून लहान सायकल लागत होती, आणि तशी एक त्याच्याकडे होती. "बदलून देतो," तो म्हणाला. "पण बिल भाऊंच्या नावावर आहे. त्यांना येऊन परत केल्याची सही करावी लागेल."

घरी गेल्यावर कोकिळाने आरडाओरडा केला नाही. हातपाय धुतले, समाजाची जाडजूड स्मरणिका कपाटातून काढली आणि ओसरीवर आली. आबा खाटेवर, प्रमिलाबाई शेंगा फोडत, योगेंद्र मोबाईलवर. सगळ्यांसमोर ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि स्मरणिका पायांमधे धरून वर दाबली.

"हाई देखा आतलं माप," ती म्हणाली. "आसं लेतस. दुसरं काही नही ऱ्हास त्यामा."

प्रमिलाबाईने पदर तोंडावर घेतला. आबांनी मान फिरवली. ज्या स्मरणिकेत ती शालू नेसून हसत होती, तीच ही, पण आता कोणाला ती बघवेना. मग तिने फोटोचं सांगितलं.

योगेंद्र आधी लाल झाला, मग चिडला. चोराच्या उलट्या बोंबा. "लोक हसत होते तिथे! मी काय करायला पाहिजे होतं?"

"मला बोलवायला पाहिजे होतं. आता चला आणि सही करा."

"मी तिथे जाऊन कोणतं तोंड दाखवू?"

"फोटोत आहे तेच."

"थोडं ॲडजस्ट कर ना. सीट पुढे घे."

"पुढे घेऊन घेऊन सीट संपली."

आबांनी खाटेवरून निकाल दिला. "सायकल ती सायकल. पाय पुरतस ना? मंग कितला नखरा बाईले! तो जावाव नही."

योगेंद्रने तो निकाल छत्रीसारखा डोक्यावर धरला आणि रोज दुकानात जात राहिला. शर्यत जवळ येत होती. कोकिळा जखमेला मलम लावत होती आणि सायकलकडे बघत नव्हती. घरात सगळे अगदी गोड बोलत होते. आपली चूक झाकायची असली की माणसं फार गोड बोलतात, आणि त्या गोडव्याचा तिला वीट आला होता.

मग आबांची नळी बदलायचा दिवस आला.

हे काम दवाखान्यात नेऊन करता आलं असतं. पण आबांना परक्या माणसासमोर लाज वाटते, म्हणून घरीच. सून करते. सून सिस्टर आहे, तिला काय त्याचं? दर खेपेला आबा भिंतीकडे तोंड करतात, धोतर बाजूला होतं, आणि त्यांची सगळी अब्रू सुनेच्या दोन हातांत असते. ते हात घरात कोणालाही परके वाटले नाहीत. त्यावर कधी चर्चा झाली नाही, जेवण थांबलं नाही. नाकाने कांदे सोलणारी ही माणसं, पण इथे मात्र कोणाच्या नाकाला झोंबत नाही.

कोकिळाने आबांना आतल्या खोलीत निजवून दार लोटलं. हातमोजे चढवले, जुनी नळी काढली, नवी नळी पाकिटातून काढून हातात धरली. आणि थांबली.

"आबा, एक इचारू?"

"काय वं?"

"तुमनी नि तुमना पोऱ्यानी उंची एकसारखीच शे. धडबी तसंच. त्यासले बलाउ का? नळी त्यासलेच टाकी देस. तुमले बरं वाटी."

आबांची पाठ ताठ झाली. बोललेलं त्यांना कळलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

"नही ना चालाव?" कोकिळा म्हणाली. "मंग माले कसं चालनं? इतला दिन मी त्यासना मापवर बसनू. माले जखमा झाल्यात, आबा. जठे झाल्यात तठलं नाव तुम्ही घरमा लेऊ देतस नही."

तिने नळी घातली, नेहमीसारखीच, हलक्या हाताने. सूड हातात उतरू द्यायचा नाही एवढं तिचं शिक्षण पक्कं होतं. पिशवी जोडली, धोतर नीट केलं, हातमोजे काढले.

ती दारापर्यंत गेली तेव्हा आबांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच हाक मारली. तिला नव्हे. "योगेंद्र! ये योगेंद्र!"

योगेंद्र आला.

"जयगाव जाय. सायकल बदली लयी ये. आजच."

"आबा, तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"जाय म्हनस ना!" आबा ओरडले. कोकिळाकडे त्यांनी बघितलं नाही. माफीबिफी काही नाही. तशी तिची अपेक्षाही नव्हती.

जळगावला कोकिळासोबत दुकानात शिरताना योगेंद्रने चेहरा सावरून घेतला. "काय आहे, हितेंद्रभाऊ, मिसेसलाही नाद लागला. म्हटलं आता तिलाच देऊ, आपण काय, नंतरही करू." हितेंद्रने सहीचा कागद पुढे सरकवला आणि पेन दिलं. या माणसाचं खोटं आता कोकिळाच्या अंगाला कुठे टोचत नव्हतं, नुसता वास येत होता.

लहान सायकल स्टँडवर चढवली. हितेंद्रने सीट तिच्या पायाच्या मापाने लावली. ती चढायला निघाली तसा योगेंद्र उठला आणि काचेच्या दाराकडे तोंड करून, हात पसरून उभा राहिला, रस्त्यावरच्या कोणाला आत दिसू नये म्हणून. बाईने पूर्ण अंगभर कपडे घातले होते. तो सवयीने उभा राहिला होता, आणि आपण काही चांगलं करतोय असं त्याला खरोखर वाटत होतं. कोकिळाने त्या पाठीकडे एकदा बघितलं आणि सायकलवर चढली.

मग तिने कोपरं टेकवली. टेकवली म्हणायचं, पण ती आपणहून टेकली. मान सैल. खांदे सैल. सीटवर वजन जिथे पडायला पाहिजे तिथे पडलं, आणि जिथे जखम होती तिथे काहीच लागलं नाही. तिने पायडल फिरवलं. पाय मोकळे फिरले. इतके दिवस ती ज्याला आपला कमकुवतपणा समजत होती, तो तिच्या अंगात नव्हताच.

"जुनी किती लांब होती?" तिने मान न उचलता विचारलं.

हितेंद्रने हात पुढे केला आणि दाखवलं. तीन बोटं.

तीन बोटं! तिला वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. झाला नाही. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. तीन बोटांसाठी एवढं सोसलं, शर्यतीतून नाव काढायला निघालो, आपल्यात दम नाही हे खरं मानून बसलो. हेच बाकीच्या बाया किती ठिकाणी सोसत असतील, कुठे दोन बोटं, कुठे चार, आणि म्हणत असतील, चालतं हो.

"नव्या बिलावर नाव?" हितेंद्रने विचारलं.

योगेंद्रने दारातूनच तोंड उघडलं. कोकिळाने त्याच्या आधी आपलं नाव सांगितलं.

मग हितेंद्रने फोटो काढला. सायकलवर ती, कोपरं टेकलेली, पाय दिसतायत, हसू नाही. फोटो भिंतीवर लागणार म्हटल्यावर योगेंद्र पुढे आला. "तो माझा जुना काढून टाका आता. उगीच गैरसमज होतात लोकांचे."

हितेंद्रने हात भिंतीकडे नेला.

"राहू द्या तो," कोकिळा म्हणाली.

"कशाला पण?" योगेंद्र म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलं नाही, हितेंद्रलाच सांगितलं. "पुन्हा कोणी सलवार घेऊन आला, तर त्याला दाखवायला."

आणि ती पायडल मारत राहिली.